दुरुस्तीस पाठवलेली खुर्ची

"मुख्याध्यापकांच्या खुर्चीचे वेताचे विणकाम तुटल्यामुळे ती दुरुस्तीस देण्यात आली आहे. दुरुस्ती चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत प्रभारी शिक्षिकेच्या बसण्याची अन्य सोय करण्यात आली आहे. मुख्याध्यापकाचे पद गुण आणि पात्रता पाहून यथावकाश भरण्यात येईल. या शाळेत कोणाही शिक्षकाविषयी जातीवरून भेद केला जात नाही."

कुंभकोणमच्या एका अनुदानित शाळेच्या व्यवस्थापनाने १९८६च्या ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याला पाठवलेले हे पत्र. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि या पत्रातली खुर्ची ती मीच. तुम्हांला वर्गात पत्रलेखन शिकवतात, तेव्हा नमुना म्हणून हे वहीत उतरवून घ्यायला हरकत नाही. पहिले वाक्य खरे आहे. दुसरे खरे आहे. तिसरेही, 'सोय' या शब्दाचा अर्थ थोडा ताणला तर, खरे आहे. चौथ्यातला 'यथावकाश' हा शब्द काळाचे कोणतेच माप सांगत नाही, म्हणून तो खोटा ठरवता येत नाही. या चौघांच्या खांद्यांवर बसून पाचवे वाक्य खात्याच्या दारातून आत गेले, आणि सात वर्षे तिथे त्याला कोणी हटकले नाही. ते आत कसे गेले, हे सांगायचे तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे.

१९५६ साली देवळामागच्या एका गल्लीत आसारीने, म्हणजे तिकडच्या सुताराने, मला फणसाच्या लाकडातून घडवले. तंजावरकडे वीणाही फणसाच्याच लाकडाची करतात. माझ्या ओंडक्याचा अर्धा भाग वीणा करणाऱ्याकडे गेला आणि उरलेल्यातून मी झाले. ऐकत राहण्याची सवय मला त्या नात्याने आली असावी. माझी पाठ आणि बैठक वेताची होती, इतकी ताणून विणलेली की बोटाने टिचकी मारली तर आवाज येई. आसारीने दोन्ही हातांवर एकेक कमळ कोरले आणि मला बैलगाडीत घालून शाळेत पोहोचवले.

शाळा एका जुन्या छत्रमात, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, भरत असे. हे छत्रम तंजावरच्या मराठी दरबाराने एका वैष्णव मराठी घराण्याला दिलेले. दरबार गेला, वाटसरू गेले, छत्रम उरले आणि त्यात घराण्याने शाळा काढली. शिक्षकांचे पगार सरकार देत असे. शिक्षक कोण असावेत हे घराणे ठरवत असे. घराण्यातला जो पुरुष हे ठरवी, त्याला करस्पाँडंट म्हणत. माझ्या काळात ते नरसिंहराव होते. घरात ते पूर्वजांबरोबर आलेली जुनी मराठी बोलत, उंबरठ्याबाहेर तमिळ. गावात त्यांचा लौकिक एकच होता: हा माणूस खोटे बोलत नाही. हा लौकिक खरा होता, हे मी शपथेवर सांगेन.

माझ्यावर पहिली अठ्ठावीस वर्षे मुख्याध्यापक कल्याणराम सार, म्हणजे तिकडच्या उच्चारात सर, बसले. दुपारच्या सुट्टीत ते न्यायशास्त्राची पोथी मोठ्याने वाचत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण असे रोज कानांवर पडले तर लाकडातही थोडे मुरते. माझ्या बोलण्यात तुम्हांला काही कोरडेपणा जाणवला, तर तो त्या दुपारींचा आहे.

त्या शाळेची एक चाल होती. विजयादशमीला लहान मुलांचा विद्यारंभ करत. मुख्याध्यापक आंघोळ करून, नवी वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसून माझ्यावर बसत. समोर पितळी ताटात तांदूळ पसरलेले. मूल त्यांच्या मांडीवर बसवायचे. ते त्याचे बोट धरून तांदळात पहिले अक्षर काढायचे. ज्याच्या मांडीवर बसून अक्षर काढले तो त्या मुलाचा जन्माचा पहिला गुरू. पुढे ते मूल कलेक्टर होवो की हवालदार, वाटेत भेटले की त्या गुरूच्या पायांना हात लावणारच. कल्याणराम सारांच्या मांडीवर अशी शेकडो मुले बसली. त्यांचा भार मी वाहिला, म्हणून मला मोजता आले: अठ्ठावीस विजयादशम्यांत अरसलार नदीपलीकडच्या चेरीतले, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतले, एकही मूल माझ्यापर्यंत आले नाही. त्यांना शाळेत प्रवेश नव्हता असे कोणी म्हणू नये. प्रवेश होता. सरकारचा हुकूम होता. ती मुले जूनमध्ये येत, नाव घालत आणि मागच्या भिंतीशी बसत. मांडीविषयी सरकारचा हुकूम नव्हता.

कल्याणराम सार चांगले गृहस्थ होते. ती मुले ऑक्टोबरमध्ये कुठे असतात, असा प्रश्न त्यांच्या पोथीत नव्हता.

१९५७ साली अंजलै टीचर आल्या. चेरीत वाढलेल्या, मिशनच्या अध्यापिका विद्यालयात शिकलेल्या, बावीस वर्षांच्या. एकाही शिक्षकाची नेमणूक त्या वस्तीतून का नाही, असा शेरा तपासनिसांनी मारल्यामुळे त्यांना घेण्यात आले आणि पहिलीचा वर्ग देण्यात आला. पहिली कोणालाच नको असे. सत्तर पोरे, निम्म्यांची नाके वाहणारी. टीचरांनी ती सत्तावीस वर्षे शिकवली. चिंचोके आणून त्या बेरीज शिकवत. अक्षरे शिकवताना प्रत्येक मुलाला आधी त्याच्या स्वतःच्या नावाचे अक्षर देत, मग शेजाऱ्याच्या नावाचे. त्यामुळे मुलांना शेजाऱ्याशी बोलल्यावाचून वाचता येत नसे. नरसिंहरावांचे दोन्ही मुलगे त्यांच्याच वर्गात वाचायला शिकले. पावसात नदीला पाणी चढले की त्या लांबच्या पुलावरून फिरून येत, पण घंटेच्या आधी येत.

१९८४च्या एप्रिलमध्ये कल्याणराम सार निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी टीचरांना बोलावले, माझ्या हातावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "टीचर, जूनपासून इथे तुम्ही."

"आदेश आला नाही, सार."

"येईल. तुमच्यानंतरचा शिक्षक तुमच्याहून नोकरीत नऊ वर्षांनी धाकटा आहे. हे साधे गणित आहे."

"साधे गणित मी पहिलीला शिकवते, सार. वरच्या वर्गांत ते बदलते म्हणतात."

कल्याणराम सार हसले. दारात उभे असलेले नरसिंहराव हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सायकलरिक्षात घालून मला नरसिंहरावांच्या घरी नेण्यात आले आणि ओट्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवण्यात आले. त्यांच्या पत्नी वेदवतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कसाला ही खुर्ची घरांत आणवलांत? शाळेची की नाही ही?"

"दुरुस्तीस आणवलों."

"मोडली की?"

"मोडेल."

"अय्यो! मोडायच्या आधींच दुरुस्ती? मग माझ्या कंबरेची पण आतांच करवा."

"तूं आंत जा. रस्सम उतूं जाईल."

वेदवतीबाई आत गेल्या. नरसिंहरावांनी पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बैठकीचा वेत मधोमध कापला. उभ्या पट्ट्या, मग आडव्या. घाई नव्हती, राग नव्हता. कापून झाल्यावर त्यांनी अडकित्ता धोतराच्या सोग्याला पुसून तबकात ठेवला आणि पाण्याने हात धुतले. मित्रांनो, दुसरा एखादा माणूस मला अडगळीत टाकून 'मोडली' असे लिहून मोकळा झाला असता. नरसिंहरावांना ते शक्य नव्हते. त्यांना कागदावर 'तुटली' असे लिहायचे होते, म्हणून ती तुटलेली असणे आवश्यक होते. माझ्या पाहण्यात आलेल्या माणसांत सत्याची एवढी चाड असलेला दुसरा कोणी नाही.

आता दुरुस्ती. तीही खरी असायला हवी होती. दर वर्षी मार्चमध्ये खात्याचा माणूस शाळेतले सामान मोजायला येई. त्याआधी मणी नावाचा वेत विणणारा बोलावला जाई. तो वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवी, चार पट्ट्या विणी आणि पाचवी उचलली की नरसिंहराव म्हणत, "पुरे. बाकी पुढे."

पहिल्या वर्षी मणीला वाटले, आज कोणाचे श्राद्ध असेल. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "सार, हे एका दिवसाचे काम आहे. मला शिकवणाऱ्याला कळले तर माझे बोट छाटेल."

"तुला घाई कसली?"

"मला नाही सार, वेताला आहे. गेल्या वर्षीचा सुकून पिवळा झाला, यंदाचा पांढरा. खुर्ची आहे की पट्ट्यापट्ट्यांचा भोपळा? तिरुवारूरच्या देवळाचा रथसुद्धा याहून भरभर ओढतात."

"दुरुस्ती चालू आहे ना?"

"चालू आहे म्हणजे… बंद नाही."

"झाले तर मग. तेवढेच लिहायचे आहे."

शाळेत अंजलै टीचर 'प्रभारी' झाल्या. या शब्दाचा अर्थ तुम्हांला शब्दकोशात सापडणार नाही, म्हणून सांगते. मुख्याध्यापकाची सगळी कामे ज्याने करायची आणि ज्याची सही कुठेही चालत नाही, तो प्रभारी. त्यांच्यासाठी पहिलीच्या वर्गातला एक बाक मुख्याध्यापकांच्या खोलीत आणून ठेवला होता, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीचा. त्या बाकावर बसले की गुडघे हनुवटीला लागत. हीच ती अन्य सोय.

पहिल्याच वर्षीचा ऑक्टोबर आला. टीचर नरसिंहरावांच्या घरी आल्या. ओट्याच्या पायऱ्यांखाली उभ्या राहिल्या. त्याहून वर त्यांना कधी कोणी बोलावले नव्हते. तिथून खिडकीतून मी त्यांना दिसे आणि त्या मला.

"सार, विजयादशमी आली. खुर्ची लागेल."

"दुरुस्तीत आहे."

टीचरांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या बैठकीच्या भोकातून खालची फरशी दिसत होती. "मग मी चटईवर बसते," त्या म्हणाल्या.

"मुख्याध्यापक नसताना विद्यारंभ करण्याची आपल्याकडे चाल नाही."

"मुले आली तर परत पाठवू का?"

नरसिंहरावांनी पानाचे तबक पुढे ओढले. होय म्हणणे त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हते आणि नाही म्हणणे त्यांच्या घराण्यात.

टीचर चटईवर बसल्या. चेरीतली अकरा मुले त्यांच्या मांडीवर बसली, तांदळात अक्षर काढून उठली. हे मला शाळेच्या कारकुनाकडून कळले. तो सेतुराम, नरसिंहरावांच्या नात्यातलाच. रोज संध्याकाळी कागद घेऊन घरी येई. "अग्रहारांतलीं किती आलीं?" नरसिंहरावांनी विचारले. "एक देखील नाहीं, अण्णा," सेतुराम म्हणाला. त्या वर्षी अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, एकवीस मुलांची नावे दुसऱ्या शाळेत गेली. पुढच्या वर्षी आणखी. नरसिंहरावांनी कोणालाही जा म्हणून सांगितले नाही. त्यांनी केवळ पटसंख्या लिहून ठेवली.

कारण नियमात एक सोय होती. मुख्याध्यापक निवडताना गुण आणि पात्रता पाहावी, आणि ती समसमान असेल तर ज्येष्ठता पाहावी. ऐकायला किती न्याय्य वाटते. गुण तोलणारा काटा कोणाच्या हातात, हे नियमात तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते. काटा नरसिंहरावांच्या हातात होता. त्यांनी टीचरांच्या पारड्यात घटलेली पटसंख्या टाकली. मांडीला भिऊन मुले गेली. मुले गेली म्हणून पात्रता नाही. पात्रता नाही म्हणून खुर्ची नाही. कल्याणराम सारांच्या पोथीत अशा युक्तिवादाला एक नाव आहे, आणि त्यानंतर वादी वाद हरतो असेही लिहिले आहे. पण पोथीतल्या वादाला ऐकणारा कोणीतरी असतो.

दोन वर्षांनी टीचरांनी खात्याला अर्ज केला. सुरुवातीला दिलेले पत्र हे त्याचे उत्तर. ते माझ्यासमोर सांगून लिहवले गेले. चार वाक्ये झाल्यावर सेतुरामाची लेखणी थांबली.

"अण्णा, हें शेवटलें घालूं की?"

"घाल."

"पण अण्णा… खरें की तें?"

"तें माझें वाक्य नोहे. खात्याच्या नमुन्यांतच छापील आहे. प्रत्येक शाळा घालते."

"खात्यासही ठाऊक असेल न मग?"

"म्हणूनच छापवलें."

सेतुरामाने ते लिहिले. त्याचे अक्षर सुंदर होते. तेही टीचरांनीच घडवलेले.

आता वसंताविषयी. चेरीतली ही मुलगी त्या पहिल्या अकरांत नव्हती, त्यांच्याहून मोठी होती. १९८७ साली ती आठवी उत्तीर्ण झाली, शाळेत पहिली आली. पुढे शिकायचे तर सरकारी वसतिगृहात जागा मिळणार होती. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा आणि दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही हवी. प्रभारीची चालत नाही. मुख्याध्यापक नसेल तर करस्पाँडंटने करावी. टीचर जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखला घेऊन आल्या.

"ठेवा. पाहतो."

दुसऱ्या आठवड्यात आल्या. "सार, तीस तारखेला यादी बंद होते."

"टीचर, मी कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. तुम्हांला माहीत आहे."

"एकच ओळ आहे, सार. मी वाचून दाखवू?"

"मला वाचता येते."

तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीला घेऊन आल्या. वसंता पायऱ्यांखाली त्यांच्या मागे उभी होती, परकराची किनार मुठीत धरून. तिने माझ्याकडे बोट दाखवून हळूच विचारले, "टीचर, या माणसांच्या घरच्या खुर्चीलासुद्धा भोक आहे?"

"ती आपली आहे," टीचर म्हणाल्या.

दाखल्यावर सही जुलैच्या चार तारखेला झाली. नरसिंहरावांनी मागची तारीख घातली नाही. चार तारखेला सही केली तर चारच तारीख लिहायची. वसतिगृहाने उशिरा आला म्हणून दाखला परत पाठवला. वसंता नाचियार्कोविलला एका कारखान्यात समया घासायला लागली. चिंच आणि विटेच्या भुकटीने पितळ घासायचे, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पुढच्या वर्षी टीचर तिला भेटून आल्या आणि सेतुरामाला म्हणाल्या, "तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. आता अंगठासुद्धा नीट उमटायचा नाही."

त्यानंतर टीचरांनी दुसरा अर्ज केला. या अर्जात खुर्चीचा उल्लेख नव्हता. "मला मान नको, सहीचा अधिकार द्या," एवढेच होते. १९९० साली खात्याचा आदेश आला की त्यांच्या नावाचा 'विचार व्हावा'. नरसिंहरावांनी आदेशाचे पालन केले. व्यवस्थापन समितीची बैठक माझ्यासमोरच भरली: ते स्वतः, त्यांचा धाकटा भाऊ, त्यांचा मेहुणा. कॉफी आली. विचार झाला. साधारण कॉफी निवेपर्यंत. "विचार करण्यात आला," असे सेतुरामाने लिहिले. पद रिक्त राहिले. ते दुसऱ्या कोणालाही दिले नाही, कारण दिले असते तर अन्याय झाला असे म्हणता आले असते. रिकाम्या जागेविरुद्ध दाद कुठे मागायची?

मणी येत राहिला. भोक लहान होत गेले.

१९९३च्या मेअखेरीस अंजलै टीचर अठ्ठावन्न वर्षांच्या होऊन निवृत्त झाल्या. किल्ल्या द्यायला त्या घरी आल्या. छत्तीस वर्षे त्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्तीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'सहायक शिक्षिका' असे होते. नरसिंहरावांनी किल्ल्या मोजून घेतल्या. आतून वेदवतीबाई बाहेर आल्या. त्यांनी टीचरांना पाहिले, मग मला पाहिले. नऊ वर्षांत त्या घरात माझ्यावर कोणी बसले नव्हते. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तेवढा असे.

वेदवतीबाईंनी तो गठ्ठा उचलला. "टीचर," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "वर या. एकदा तरी बसा."

"वेदवती," नरसिंहराव म्हणाले.

"माझ्या पोरांना यांनी वाचायला शिकवले. पायऱ्यांवर उभे करून पाठवायचे?"

टीचर एक पायरी चढल्या. त्यांची सावली खिडकीतून माझ्या हातावरच्या कमळावर पडली. माझ्या बैठकीत आता तळहाताएवढेच भोक उरले होते. मित्रांनो, मी खुर्ची आहे. माझी इच्छा असायचे कारण नाही. तरी त्या क्षणी ती होती.

"नको, अम्मा," टीचर म्हणाल्या. "अजून दुरुस्तीत आहे. मोडली तर सार लिहितील, मी मोडली."

त्या पायरी उतरल्या. वेदवतीबाई गठ्ठा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

जूनच्या पहिल्याच सकाळी मणीला बोलावून राहिलेले भोक अर्ध्या तासात विणून घेण्यात आले. नव्या मुख्याध्यापकांची नेमणूक झाली होती, गुण आणि पात्रता पाहून. ते नोकरीत टीचरांहून एकोणीस वर्षांनी धाकटे होते. रिक्षातून मी शाळेत परतले.

जुलैमध्ये चौकशी अधिकारी आले. दुसरा अर्ज पाच वर्षे फिरत फिरत त्यांच्या टेबलावर पोहोचला होता. नाव नटराज, वय तीसच्या आत. नवे मुख्याध्यापक उठले आणि त्यांनी त्यांना माझ्यावर बसवले. नरसिंहराव समोर, सेतुराम कागद घेऊन बाजूला.

"ती दुरुस्तीतली खुर्ची कुठे आहे?" नटराजांनी विचारले.

"आपण बसला आहात ती."

नटराज अर्धे उठले, मग पुन्हा बसले. बैठकीवर त्यांनी बोटे फिरवली. "पट्ट्या वेगवेगळ्या रंगांच्या आहेत."

"वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत."

नटराजांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, "बाई निवृत्त झाल्या. आता पद देता येत नाही आणि आपल्यावर कारवाई करावी असे वरून काही नाही. फाइल बंद करायची आहे. फक्त आपला जबाब लागेल."

"बंद होणार हे नक्की?"

"नक्की."

"मग खरे लिहून घ्या. खोटे सांगायची मला सवय नाही."

सेतुरामाने जबाब लिहिला. नटराजांनी तो वाचून दाखवला, नरसिंहरावांनी सही केली, पुढच्या महिन्यात फाइलवर शेरा पडला की अर्जदार निवृत्त झाल्यामुळे पुढील कार्यवाहीचे कारण उरलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे निगेची विनवणी करतात: धूळ पुसा, ऊन लागू देऊ नका, वेत कोरडा पडू देऊ नका. मी तसे सांगणार नाही. माझी निगा नऊ वर्षे राखली गेली आणि त्या निगेखाली काय पुरले गेले ते तुम्ही ऐकले. तुमच्या शाळेत एखादी वस्तू फार दिवस दुरुस्तीत असेल, एखादी जागा फार दिवस रिकामी असेल, एखादे नाव फार दिवस विचाराधीन असेल, तर ते कोणाला अडवण्यासाठी आहे हे विचारा. मोठ्याने विचारा, आणि तो माणूस निवृत्त व्हायच्या आत विचारा. मी लाकूड होते, मला विचारता आले नाही. सेतुरामाला येत होते. नटराजांना येत होते.

तो जबाब जसाच्या तसा असा:

"खुर्ची १९८४च्या मेमध्ये चांगली होती. तिचा वेत मी स्वतः कापला. दुरुस्ती किती सावकाश व्हावी हे मी ठरवले. अंजलै टीचर यांच्या शिकवण्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवले आणि तसे शिकवणारा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही. पद त्यांचे होते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. वसंता नावाच्या मुलीच्या दाखल्यावर मी सही मुद्दाम उशिरा केली, कारण वेळेवर केली असती तर प्रभारीच्या कारभारात काही अडत नाही हे सिद्ध झाले असते. मला फक्त विजयादशमी टाळायची होती. माझ्या नातवाला त्या बाईंच्या मांडीवर बसवावे लागले असते आणि पुढे जन्मभर त्याने त्यांच्या पायांना हात लावला असता. नातू त्या वेळी जन्मलेला नव्हता. अद्याप जन्मलेला नाही. वरील जबाब मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."